बिनपॉलिशचा तांदूळ

"पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या नादी लागू नका! सत्त्व सारं कोंड्यात जाते, अन् कोंडा जाते म्हशीच्या पोटात!"

सानगडीच्या बाजारात डॉक्टर कौसल्या कापगते घसा ताणून सांगत होती. १९८१ साल होतं ते.

"म्हणूनच आमची म्हैस एवढी तेजदार दिसते व्हय!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

कौसल्यानं वळून पाहिलं. उंच, सावळा तरुण... ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले.

"म्हशीचं राहू द्या. हसताना दुखते ना?"

त्यानं ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं. मग हळूच म्हणाला, "दुखते... पण तुमाले पाहून हसू आवरत नाही."

तो भोजराज — साकोलीच्या राइस मिलवाल्या श्यामरावांचा मुलगा. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या साकोलीतल्या दवाखान्यात हजर.

"सुई द्या, डॉक्टरीणबाई."

"सुई नाही. सत्त्व कमी पडून ओठ चिरलेत. घरी कांडलेला तांदूळ, मोडाचे मूग, पालेभाजी, ताक. महिनाभर."

"नागपूरले एवढं शिकून हेच?"

हे ती दिवसातून दहादा ऐकायची. गरज असली की ती सुई द्यायचीच. नसली की साफ नकार. त्यामुळे निम्मे पेशंट दुसरीकडे जात. जाऊ देत!

महिन्यात ओठ बरे झाले. भोजराजच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत.

"आता कायले आले?"

"जीभ दाखवायले."

"तिले काय झालं?"

"अडखळते... तुमच्याच समोर."

कौसल्यानं मान खाली घातली, पण गालांवरचं हसू काही लपलं नाही.

मग एक दिवस खुद्द श्यामराव घरी आले. "पोरी, सून म्हणून तू मले पसंत आहेस. फक्त बाजारातलं ते बोलणं बंद कर. आपल्याच मिलचं नुकसान कायले?"

दारामागून आई, रत्नाबाई, खुणावत होती — हो म्हण! भोजराज तिला हवा होता... फार हवा होता.

"काकाजी, त्यांच्यासाठी जीव तुटते माझा. पण गप्प बसून मी तुमच्या घरात आली, तर ती मी नसेन. नाही जमणार."

श्यामराव ताडकन उठून गेले. आई दोन दिवस बोलली नाही. भोजराजही फिरकला नाही. कौसल्या मात्र प्रत्येक पेशंटला तेच सांगत राहिली, जरा जास्तच ठासून.

आठव्या दिवशी, पेशंटांनी बाकडं भरलेलं असताना, तो आला. सायकलच्या कॅरियरला ट्रंक बांधलेली.

"बाबाले म्हटलं, एक यंत्र फक्त साल काढायले लावू, पॉलिश नको. ते म्हणाले, घराबाहेर हो. झालो."

"मग आता?"

"लाखनीले जुनी मिल भाड्यानं घेऊन राहिलो. बिनपॉलिशचा तांदूळ विकीन. बुडालो त बुडालो."

"माझ्यासाठी?"

"तू... तुमी नाही म्हटलं तरी विकीनच. पटलं मले. पण हो म्हटलं तर..." जीभ खरंच अडखळली.

"हो म्हण वो बाई!" बाकड्यावरून म्हातारी बेबीबाई ओरडली. "मले चारची यष्टी पकडाची आहे!"

कौसल्यानं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. साकोलीत असं कोणी केलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली, बाजारात बोलायची तितक्याच मोठ्यानं. "अन् ज्याले सांगायचं त्याले जाऊन सांगा."