नेलिदासाठी शिजवलेला भात

“अहो बाई, माझ्या बायकोला बदक चालत नाही!”

मार्लेनी दचकली. समोर एक उंचेला माणूस उभा होता. एका हातात फडक्यात गुंडाळलेलं पातेलं, दुसऱ्या हातात ग्लॅडिओलसची जुडी, आणि चेहरा असा, की हसावं की भांडावं हे त्याचं अजून ठरायचं होतं.

“तुमची बायको?” तिनं इकडेतिकडे पाहिलं. “कुठे आहेत त्या?”

त्यानं हनुवटीनंच तिच्या पुढ्यातला निळा क्रूस दाखवला. तिनं त्यावरची वाळू हातानं पुसली, आणि नाव वाचलं. नेलिदा! बाबा नव्हतेच ते. आणि ती मघापासून या परक्या बाईला ‘बाबा, मांडी घ्या हो, मांडी तुम्हाला आवडते’ म्हणून वाढत बसली होती. वर भावाची गाऱ्हाणीसुद्धा सांगून झाली होती.

आता त्या टेकडीवर चुकायला काय लागतं म्हणा! लिमा शहरातली सगळी गरीब माणसं शेवटी तिथंच मुक्कामाला. दरवर्षी दोन थडग्यांच्या मध्ये तिसरं घुसतं, पायवाट सरकते, वाळू खाली घसरते. आजवर भाऊ पुढे चालायचा आणि मार्लेनी त्याच्या मागून. यंदा भाऊ आलाच नव्हता.

“माफ करा हं... माझे बाबा बहुतेक वरच्या रांगेत असतील. पण बाई बदक खात नव्हत्या का?”

“लहानपणी एक पाळलं होतं म्हणे. ‘जनरल’ नाव त्याचं. एका रविवारी काकानं त्यालाच कापलं, आणि हिला वाढून मग सांगितलं. तेव्हापासून बंद.”

“अगं बाई! आता मी काय करू?”

“काही नाही. चिडली असती तर एव्हाना कळलं असतं. नेलिदा चिडली की अख्ख्या गल्लीला कळायचं.”

दोघंही हसली. हसण्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ती अख्खी टेकडी जेवायलाच बसलेली असते. गेलेल्यांना जे आवडायचं ते ताटात वाढायचं, थोडी बिअर वाळूवर ओतायची, पैसे असतील तर हार्पवाल्याला बसवायचं. त्यांचं पोट भरलं की तेच ताट घरच्यांनी संपवायचं. टाकायचं नाही.

त्यानं पातेल्याचं फडकं सोडलं. मार्लेनीनं डोकावून पाहिलं आणि तिला राहवेना.

“हा... भात आहे?”

“का? कसला दिसतोय?”

“निवडणुकीची पोस्टरं चिकटवता येतील यानं.”

“आणि मटण?”

“त्याबद्दल मी आज, बाईंसमोर, काही बोलत नाही.”

त्याचं नाव विल्मेर. फ्रिज दुरुस्त करायचा. नेलिदा उत्तरेकडची, त्रुहियोची. तिकडचं ते हिरवं मटण, सेको म्हणतात ते, तिच्या हातचं खाऊन लोक बोटं चाटायचे. “मला फक्त खाता येत होतं,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी विकतचं आणलं, तेव्हा लाज वाटली. यंदा घरी केलं, तर आणखी लाज वाटली.” आणि मग, फुलांची जुडी उगाचच सारखी करत — “मला शिकवाल? पुढच्या नोव्हेंबरला तिच्यासमोर धड ताट ठेवायचंय. तिच्या चवीचं. एवढंच.”

कुणी असं मागितल्यावर नाही म्हणणाऱ्यांतली मार्लेनी नव्हती. तिशी उलटलेली, शाळेचे गणवेश शिवणारी, बाबांच्या आजारपणात जिची लग्नाची वर्षं कधी निघून गेली ते तिलाही कळलं नाही, अशी ती. गल्लीतल्या बायकांनी विचारणंसुद्धा सोडून दिलं होतं.

“रविवारी या,” ती म्हणाली. “मटण तुमचं, गॅस माझा.”

तर अशी सुरुवात झाली.

पहिले कितीतरी रविवार नुसता भातच चालला होता. तेलात लसूण परतायचा, तांदूळ त्यात चरचरवायचे, बेताचं पाणी, आणि एकदा झाकण ठेवलं की हात लावायचा नाही. पण विल्मेरचा हात गप्प बसेल तर शपथ! तो झाकण उचलायचा, मार्लेनी डावानं त्याच्या मनगटावर फटका द्यायची.

“अहो, वाफ जाते!”

“बघत होतो नुसतं. आत काय चाललंय ते.”

“फ्रिजचं दार उघडं टाकून बर्फ बघत बसतात का?”

“हं... हे पटलं,” म्हणायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलायचा.

मग मटण. कोवळ्या बोकडाचे तुकडे मक्याच्या आंबट दारूत मुरवायचे, पिवळ्या मिरचीचं वाटण, कांदा, वरून किसलेला भोपळा, आणि कोथिंबीर — मूठमूठभर वाटून, हिरवीगार. कांदा चिरताना तो ढसाढसा रडायचा आणि म्हणायचा, “कांद्यामुळे हं.” तीही “हो, कांदाच तो” म्हणून दुसरीकडे बघायची.

शेवटी तो चमचा तोंडात घालून डोळे मिटायचा. मार्लेनीचा जीव तेवढा वेळ टांगलेला.

“नाही... हा नाही.”

“काय कमी आहे? आंबट? तिखट?”

“आहे छानच. पण तिचा जरा... कसं सांगू...”

“जरा काय?”

“जरा नेलिदा.”

आता ते कुठल्या दुकानात मिळणार? तिनं आंबट संत्रं पिळून पाहिलं, दारू वाढवली, भोपळा सालासकट किसला. नाही म्हणजे नाही. रविवारी रात्री भांडी घासताना तिला स्वतःचाच राग यायचा. मेलेल्या बाईशी कसली गं ही चढाओढ? पण सोमवार उजाडला की ती येत्या रविवारचा विचार करायला लागायची, हेही खरं.

जुलै आला, म्हणजे तिकडचा हिवाळा. खिडकीबाहेर दिवसभर ती न दिसणारी भुरभुर, भिंती ओलसर, आणि स्वयंपाकघर तेवढं ऊबदार. भात त्याला केव्हाच जमायला लागला होता. मार्लेनी मात्र शितं बोटांत चुरून मान हलवायची.

“अजून आसट आहे.”

“मागच्या रविवारी तर मोकळा होता!”

“शितं मोजली होती का?”

“तू मोज,” तो भिंतीला टेकून म्हणाला. “सावकाश मोज. मी बघत बसतो.”

तू! तिनं भात मोजायला घेतला नाही, पण कान तापले. तिच्या केसांत शिवणाचा पांढरा दोरा अडकला होता, तो त्यानं हलकेच ओढून काढला — आणि फेकून न देता बोटाला गुंडाळत राहिला.

आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यानं डोळे मिटलेच नाहीत. बसला, जेवला, पुन्हा वाढून घेतलं, ताटातला हिरवा रस्सा भातानं निपटून घेतला.

“आज काय घातलंस?”

“काही नाही. नेहमीचंच.”

“झकास झालंय.”

हा की हा नाही, काही बोललाच नाही! मार्लेनीनं त्या आठवड्यात एका गणवेशाची बाही उलटी शिवली, उसवली, आणि पुन्हा उलटीच शिवली. ती प्रेमात पडली होती, आणि पुरती पडली होती. लपवून ठेवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तिच्या गालावर लागलेली कोथिंबीर त्यानं एकदा अंगठ्यानं पुसली आणि हात तिथंच ठेवून म्हणाला, “मार्लेनी, पुढच्या वर्षी...”

“पुढच्या वर्षी काय?”

“नाही... आधी नोव्हेंबर होऊ दे. तिचं ताट तिला देऊन येतो. मग सांगतो.”

काय सांगणार होता ते न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. ती वाट बघायला लागली.

पहिल्या तारखेचा स्वयंपाक त्यानं आपल्या घरी, एकट्यानं केला. “तू यायचं नाहीस. आज परीक्षा आहे माझी.” मार्लेनी आपलं बदक घेऊन टेकडी चढली, या वेळी बरोबर थडग्याशी बसली, आणि म्हणाली, “बाबा, आज जरा लवकर आटपा हं.” मग केस सारखे करून ती खालच्या रांगेत उतरली.

निळ्या क्रूसापुढे पांढरं फडकं, फडक्यावर ताट. एकेक शीत सुटलेला भात, बाजूला हिरवं मटण. बाजूच्या थडग्याशी हार्प वाजत होती. विल्मेर हातात चमचा घेऊन गुडघ्यांवर बसला होता, डोळे मिटून. तिला पाहून त्यानं चमचा पुढे केला.

तिनं चाखलं. आणि काय सांगावं! लसूण इतका लाल फक्त ती स्वतः करायची. दारू अशी आटवून फक्त ती घ्यायची. तिचंच पातेलं जणू दुसऱ्या घरी जाऊन आलं होतं.

“अहो, हे तर डिट्टो माझं झालंय!” तिनं आनंदानं टाळीच वाजवली. मग तिला त्याचा चेहरा दिसला.

“तेच ना,” तो म्हणाला. “तुझं झालंय. मी सकाळपासून तिचं आठवतोय, मार्लेनी. येतच नाही गं. आधी निदान ‘हे नाही’ एवढं तरी कळायचं. आता तेही कळत नाही. डोळे मिटले की फक्त तुझंच येतं.”

हेच शब्द ऐकायला ती वर्षभर आसुसली होती. आले, तर असे आले.

“मग त्यात वाईट काय आहे?” तिनं विचारलं. तो तिचा हक्कच होता. “मी जिवंत आहे, विल्मेर. मला तुम्ही आवडता. हे मी त्यांच्यासमोर सांगतेय, पाठीमागून नाही.”

“मलाही तूच. केव्हापासून तूच. म्हणून तर...” त्यानं बाहीनं तोंड पुसलं. “तिचे फोटो आहेत. फोनमध्ये आवाज आहे. पण चव कुठे ठेवतात? ती माझ्याच जिभेवर होती, आणि मीच दर रविवारी थोडी थोडी पुसत गेलो. हसत हसत! तुझ्याकडे बघितलं की आता मला तेच दिसणार. तुझी काही चूक नाही. पण मला यायचं होणार नाही, मार्लेनी.”

तिला बोलता आलं असतं पुष्कळ. पण बाबा गेल्यावर तिनं त्यांचा स्वेटर न धुता कितीतरी दिवस घातला होता, आणि एक दिवस त्यातून नुसत्या लोकरीचा वास आला तेव्हा ती दाराला कडी लावून रडली होती. ते तिला कुणी समजावलेलं चाललं नसतं. मग त्याला ती काय समजावणार?

“त्यांची आई आहे ना त्रुहियोला?”

“आहे. माती झाल्यापासून गेलोच नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?”

“जा. त्यांच्या चुलीपाशी बसा. मुलीला त्यांनीच शिकवलं असेल.” तिनं आवाज कसाबसा सरळ ठेवला. “तिथे सापडेल.”

“आणि सापडलं तर... तू थांबशील?”

हो म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. पण खोटं बोलायची ही जागा नव्हती.

“नाही सांगता येत. मी बाबांसाठी थांबले, भावासाठी थांबले. आता थांबायचं म्हटलं की पाय दुखतात हो.”

त्यानं मान हलवली. उठला. ताटाकडे बघून म्हणाला, “घरच्यांनी संपवायचं असतं. मला जाणार नाही. तू खाशील?” आणि उत्तराची वाट न बघता टेकडी उतरायला लागला. वळणावर एकदा थांबला, मागे बघितलं. तिनं हात वर केला — तेव्हा लक्षात आलं, चमचा हातातच राहिला होता.

मग ती वाळूत बसली, क्रूसाकडे तोंड करून. “नेलिदाबाई, तुमचं झालं असेल तर मी घेते,” म्हणाली आणि ताट पुढे ओढलं. आई लवकर गेली, आणि हात चुलीपर्यंत पोचायला लागले तेव्हापासून मार्लेनी स्वयंपाक करत होती. बाबांसाठी, भावासाठी, सगळ्यांसाठी. दुसऱ्या कुणी रांधलेलं पूर्ण ताट तिच्या पुढ्यात आजवर आलंच नव्हतं. आज पहिल्यांदा आलं होतं, आणि तेही दुसरीसाठी शिजवलेलं. डोळे वाहत होते, ते तिनं वाहू दिले. मीठ बरोबर पडलं होतं, मटण हाडापासून अलगद सुटत होतं. तिनं सावकाश, एकही शीत न ठेवता, ते सगळं खाल्लं.