बारा नंबरचा आवाज

"ओ भाऊ, हटा ना तिथून! माहे सातभाई उडवले तुम्ही!"

अनंतशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. विद्यापीठाच्या आवारात सातभाई पक्ष्यांची बडबड मी तीन वर्षं माइक लावून टिपतेय — कोणती हाक भीतीची, कोणती मागे राहिलेल्या सोबत्याला बोलावणारी. आणि हा भाषाशास्त्रवाला नेमका माझ्याच कडुनिंबाखाली फोनवर बोलत उभा!

"मी माणसाईचे आवाज अभ्यासतो," तो हसला. "तुमचा रागाचा देऊन टाका ना मले."

"फुकटात?"

"चहा पाजतो ना..."

बस्स. चहाचे तर्री-पोहे झाले, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि परवा शनिवारी फोनवर त्यानं विचारलंच — "लग्न करशीन का माह्याशी?" मी येड्यासारखी नुसती हसत सुटले. सोमवारी सांगते म्हटलं. नंदनवन वस्तीतल्या घरी आईला तर हो सांगूनही टाकलं होतं!

सोमवारी तो म्हणाला, "उत्तर मग दे. पहिले माह्या वीस क्लिपा ऐक. शब्द पुसले आहेत, नुसता सूर ठेवला. प्रेम, राग, भीती, का कामापुरतं — एवढंच लिहायचं. तुह्यासारखा कान कोणाचाच नाही वं."

मी हेडफोन लावला. सातव्या क्लिपमध्ये माझंच हसू ऐकू आलं. त्याआधी त्याचा आवाज — सपाट, नेटका, गॅसचा नंबर लावल्यासारखा. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. बाराव्या क्लिपमध्येही तोच होता, पण... किती अडखळत होता! सूर वर चढायचा, थांबायचा, समोरच्याची वाट पाहायचा. माझ्याशी असं एकदाही बोलला नव्हता मेला.

खोटं लिहिता आलं असतं. पण हात वळेना. सातपुढे लिहिलं — कामापुरतं. बारापुढे — प्रेम.

कागद पाहून त्याचा चेहरा उतरला. "नमुने कमी पडले म्हणून माहेच रेकॉर्ड झालेले फोन टाकले होते मी. सात म्हणजे आपला शनिवारचा—"

"माहीत आहे मले. बारा कोण?"

"वैदेही. पुण्याची... दोन वर्षं झाली आमचं संपून. तिच्या आईचं ऑपरेशन होतं, म्हणून शुक्रवारी फोन केला. नीट बोललीही नाही ती."

"मग मले काहून विचारलं लग्नाचं?"

"तू चांगली आहेस, हर्षा. तुह्यासोबत बरं वाटते."

बरं वाटते! डोळे भरून आले, रागही आला. जळो मेला तो कान माझा.

"कर तिले फोन," मी म्हटलं.

त्यानं एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. खोटंखोटं का होईना. तो मात्र खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकला आणि अगदी हळू, अडखळत विचारलं —

"फोन उचलन का वं ती...?"