गाणं संपवायची खूण

होझिया टॉलिव्हरला माती देऊन मंडळी दुपारी थेट बर्थाच्या दारू-गाण्याच्या अड्ड्यावर आली. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या याच पत्र्याच्या खोलीत होझियानं गिटारवर ब्लूज वाजवत म्हातारपण गाठलं होतं. मागच्या दारातून तळलेल्या माशाचा वास येत होता.

"मेल्यावरसुद्धा उशीर केला लेकानं," हार्मोनिकावाला रुफस म्हणाला. "पाद्रीबाबा ताटकळले ना!"

सगळे हसले. ड्रमवाला लुडेल मात्र मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. होझियाचं लाडकं गाणं आज त्याच्याशिवाय वाजवायचं होतं. गाणं कधी संपवायचं हे होझिया हनुवटी उचलून सांगायचा. बाकीच्यांनी कधी ठरवलंच नव्हतं.

सुरुवात झकास झाली. गिटारच्या जागा त्यांनी मोकळ्या सोडल्या होत्या. थोड्या वेळानं लुडेलच्या लक्षात आलं, त्या जागांत आपण नुसते थांबत नाही आहोत. कान देतो आहोत.

शेवटचं कडवं झालं. लुडेलनं अखेरच्या ठोक्यासाठी काठी उचलली, आणि त्याचे हात पुन्हा पहिल्या कडव्यात शिरले.

"संपव की, गाढवा!" रुफस श्वास घेता घेता ओरडला.

"तू थांब ना आधी!"

रुफसनं हार्मोनिका पुन्हा तोंडाला लावली. त्याचे डोळे विस्फारले होते. गाणं फिरून फिरून तिथंच येत राहिलं. नाचणारे बाजूला झाले. टाळ्या विरल्या. लुडेलच्या तळहातावरचे फोड फुटले, काठ्या निसरड्या झाल्या. रुफसचे ओठ फाटून हनुवटीवरून रक्त ओघळलं.



होझियाची बायको अर्नेस्टीन उठली. काळी हॅट सावरत खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"पुरे आता, होझिया. चल, जेवून घेऊ सगळे."

अखेरचा ठोका पडला.

गाणं संपलं.

लोकांनी सुस्कारे सोडले. कुणीतरी उगाच मोठ्यानं हसलं. लुडेल ड्रममागून उठून अर्नेस्टीनकडे आला.

"वहिनी, तुमचं ऐकलं हो त्यानं."

अर्नेस्टीन अजून त्या खुर्चीकडेच बघत होती.

"उभ्या संसारात होझियानं माझं एकदाही ऐकलं नव्हतं रे," ती हळूच म्हणाली.

बर्थानं माशाची परात आणली. जेवणाची रांग लागली. रांगेत मधे एका माणसापुरती जागा मोकळी होती. मागच्या बाईला कुणी पुढे सरक म्हटलं नाही, तीही सरकली नाही. रांग पुढे गेली, तशी ती जागाही पुढे गेली.