हाताच्या आधी रेघ

मेघा म्हणजे एक नंबरची हट्टी पोरगी. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात ती मोटारींवर सेन्सर बसवायची. मोटार थरथरली की कॉम्प्युटरवर रेघ थरथरे. तेच तिने प्रताप नगरच्या घरी आईसाठी मांडलं. प्रेमिलाबाईंचं उजवं अंग लकव्यानं गेलं होतं. गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज बेतणारा हात आता उशीवर पडून असे. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती. हलवोत बापडे!

मनगटाला पट्ट्यानं सेन्सर बांधायचा, त्याची केबल लॅपटॉपला जोडायची. हात तीळभर कलला तरी पडद्यावर रेघ उठणार.

"हलव वं आई."

"हालून नाही राहिला. काहून जीव खाऊन राहिली?"

"तू कंटाळशील, मी नाही."

रविवारी दुपारी रेघ उठली. डौलदार वळण घेऊन खाली आली. मेघानं हाताकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता.

कूलरची थरथर असेल म्हणून तिने कूलर बंद केला. केबल बदलली. प्रोग्राम पुन्हा चढवला. सेन्सर टेबलावर ठेवला, तर रेघ सपाट. आईच्या मनगटावर बांधला, की पुन्हा तेच वळण. ब्लाऊजच्या मुंढ्याला, बाही जोडायच्या गोलाईवर, कात्री फिरते, अगदी तसं.

मग आईचं मनगट कललं. रेघेनं आधी काढलेलंच वळण, रेघेच्या मागून.

"आई गं!" मेघा हसली, रडली. भीती वाटली नाही असं नाही, पण पट्टा सोडायचं तिच्या मनातही आलं नाही.

आठवडाभरात प्रेमिलाबाईंनी कात्री उचलली. जुन्या साडीचा तुकडा सर्रकन कापला. मुंढा कसा गोल! टाळी वाजवायला मेघानं दोन्ही हात उचलले.

एकच उचलला गेला.

उजवा मांडीवरच राहिला. तिने त्याला चिमटा काढला. काही कळलं नाही.

"मशीन काढ वं मेघा!" किती दिवसांनी आई खुलली होती. मग पायाकडे बघून तिचा चेहरा पडला. "पण पायडल कोण मारन? हा पाय तं मेलाच ना."

मेघानं मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं.

"रडू नको. त्यालेही उठवू."

डाव्या हातानं, दातांनी ओढून, तिने आईच्या मनगटावरचा पट्टा सोडवला आणि तिच्या उजव्या घोट्यावर आवळला.

रेघ उठली. मेघा पडद्याकडेच बघत राहिली. स्वतःच्या पायाकडे तिने पाहिलं नाही.