विश्वनाथकाकांच्या खोलीतला साप

"साप! शंभर टक्के साप!" चिराग रिसायकलिंगच्या डब्यात डोकं खुपसून ओरडला.

"हळू बोल ना!" ईशाने त्याचा स्वेटर धरून त्याला मागे ओढलं.

त्याच्या हातात पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं होतं. त्यावर वेटोळं घालून बसलेल्या सापाचं मोठं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'हीट मॅट'.

"सापाला ऊब द्यायची चटई," सलोनीने वाचून सांगितलं. सलोनी म्हणजे ईशा-चिरागची मावसबहीण. जुलैच्या सुट्टीत ती ऑकलंडच्या फ्लॅट बुशहून वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला आली होती आणि इथल्या थंडीने तीन दिवस कुडकुडत होती. "पण हे खोकं तुमच्या डब्यात कसं?"

"आमचं नाही. विश्वनाथकाकांचं असणार," ईशा म्हणाली.

विश्वनाथकाका म्हणजे बाबांचे पुण्याचे मित्र. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. मागच्या अंगणातल्या एका खोलीच्या घरात ते भाड्याने राहायचे आणि रोज सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जायचे. एरवी दिलखुलास माणूस! पण गेल्या आठवड्यापासून त्यांच्या खिडकीचे पडदे दिवसरात्र बंद होते.

"आणि शनिवारी त्यांनी कुत्र्याच्या खाण्याचे डबे आणले," चिराग म्हणाला. "मी बघितले! त्यांच्याकडे कुत्रा कुठेय?"

"अरे, पण न्यूझीलंडमध्ये साप पाळायला बंदी आहे," सलोनी कुजबुजली. "प्राणिसंग्रहालयातसुद्धा साप नसतो इथे! पोलीस येतील!"

"आधी बघू या, मग घाबरू या," ईशा म्हणाली.

तिघं पाय न वाजवता मागे गेली. गवतावरचं दव अजून गोठलेलंच होतं. पडद्याच्या कडेला बोटभर फट होती. चिराग एका उपड्या बादलीवर चढला आणि त्याने काचेला नाक लावलं. आत काचेची मोठी पेटी होती. पेटीत काहीतरी जाडजूड, तुकतुकीत, पट्ट्यापट्ट्यांचं हललं. मग त्याने तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. निळी जीभ!

"नो वे!" म्हणत चिराग बादलीसकट गवतात आडवा झाला.

संध्याकाळी काका ट्रेनमधून उतरून फाटकाशी आले, तर समोर तीन जण हाताची घडी घालून उभे!

"काका, तुमच्याकडे साप आहे," ईशा थेट म्हणाली.

काकांच्या हातातली पिशवी खाली पडली. "शू! साप कसला? चला आत. पण वहिनींना यातलं एक अक्षर सांगायचं नाही!"

आत गेल्यावर त्यांनी पेटीवरची चादर बाजूला केली. त्या जाड अंगाला चार इवलेसे पाय होते.

"हा बिस्किट. निळ्या जिभेचा सरडा. शेजारच्या बेव्हर्लीचा आहे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, दोन आठवडे ती हॉस्पिटलात असेल. तिला दुसरं कोणी नाही रे. चौदा वर्षं सांभाळलंय तिने याला. मी म्हटलं, मी बघतो."

"मग लपवलंत कशाला?"

"तुमची आई! परवा भिंतीवर एक कोळी दिसला तर ती खुर्चीवर चढली होती. पालीसारखा दिसणारा हा हातभर प्राणी बघून काय करेल? याचा उबेचा दिवा लावला, तर स्वयंपाकघरातून तिला उजेड दिसणार. म्हणून दिवा आणलाच नाही. त्याऐवजी ही मॅट घेतली. थंडी केवढी आहे! मी सगळ्यात मोठी आणली, पेटीच्या तळभर. वर मस्त जाड वाळू टाकली."

बिस्किट मात्र वाळूवर नव्हता. पाण्याच्या पसरट वाडग्यात तो कसाबसा अंग दुमडून बसला होता.

"तो पाण्यात का बसलाय?" सलोनीने विचारलं.

"आवडत असेल."

"आणि डब्यातलं कुत्र्याचं खाणं तसंच पडलंय."

"बेव्हर्लीची आठवण येत असेल बिचाऱ्याला. अगं, मी इंजिनिअर आहे, ऊब कशी द्यायची ते कळतं मला! उद्या तुम्ही त्याला केळं द्याल का? ही घ्या किल्ली. हा बेव्हर्लीचा नंबर, पण तिला उगाच त्रास देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं केळं घेऊन आत शिरली. बिस्किट आता वाडग्यातून बाहेर येऊन काचेवर नखं घासत होता. ख्रर्र, ख्रर्र! जणू बाहेर काढा म्हणत होता. त्याने अंग वर उचललं, तसं ईशाला त्याचं पोट दिसलं. पांढुरक्या खवल्यांवर लालसर डाग होता.

"हे बरोबर नाहीये," ती म्हणाली. "याला आठवण-बिठवण येत नाहीये. याला काहीतरी होतंय."

"वाळू गरम आहे का?" चिरागने वाळूवर हात ठेवला. "छे, कोमट तर आहे."

"पण खाली? सरडे वाळूत शिरतात ना? थांबा!"

ईशा धावत घरात गेली आणि आईचा थर्मामीटर घेऊन आली. इथल्या थंडीत दही लागत नाही, म्हणून आई दुधाचं तापमान मोजूनच विरजण लावायची. ईशाने थर्मामीटर वाळूवर ठेवला.

"एकतीस," सलोनीने वाचलं.

मग ईशाने तो वाळूत पार तळापर्यंत खुपसला. आकडा चढायला लागला. अडतीस. चव्वेचाळीस. एकोणपन्नास.

"बावन्न!" चिराग किंचाळला. "तो भाजतोय!"

त्यांनी दुसरा कोपरा मोजला. तिथेही बावन्न! मधोमध, एक्कावन्न!

"म्हणजे याला पळायला थंड जागाच नाही," ईशा म्हणाली. "फक्त पाण्याचं वाडगं!"

तिने भिंतीतलं बटण खटकन बंद केलं. पण खोलीत तर श्वासाची वाफ दिसत होती. मॅट बंद ठेवून भागणार कसं? थोड्या वेळाने बिस्किट गारठला असता. ईशाने काकांना फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. काकांनी उचललाच नाही. शेवटी तिने बेव्हर्लीचा नंबर फिरवला.

"किआ ओरा! कोण बोलतंय?" पलीकडून माओरीत नमस्कार करणारा थकलेला, पण गोड आवाज आला.

ईशाने घाबरत सगळं सांगितलं. मग बेव्हर्ली सावकाश म्हणाली, "घाबरू नकोस, माझ्या राणी. बटण बंद केलंस, फार छान केलंस. मॅट पेटीच्या आत नसते, बाहेरून तळाला लावतात. तीही एका टोकालाच, तिसरा हिस्सा झाकेल एवढी. म्हणजे एक बाजू उबदार, एक थंड. त्याला हवी तिथे तो जातो. आणि मॅट कधीच थेट भिंतीतल्या प्लगला जोडायची नाही. तिला थर्मोस्टॅट लागतो. तो ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करतो. माझा थर्मोस्टॅट आणि दिवा कपडे धुण्याच्या खोलीत, वरच्या कप्प्यात आहे. किल्ली विशकडे, तुझ्या काकांकडे आहे. पण आत्ता बिस्किटला उबदार खोलीत न्या आणि डॉक्टरला दाखवा. न्याल ना?"

"नेऊ," ईशा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उबदार खोली एकच होती. आईचं स्वयंपाकघर!

आई पोळ्या लाटत होती.

"आई," ईशा दारातूनच म्हणाली, "तू ओरडू नकोस. आमच्याकडे एक आजारी प्राणी आहे. तो पालीसारखा दिसतो. मोठ्या पालीसारखा."

आईचं लाटणं थांबलं. ती दोन पावलं मागे सरकली. "कुठाय?"

"बाहेर, टॉवेलमध्ये, सलोनीच्या हातात. त्याचं पोट भाजलंय गं. बेव्हर्लीचा आहे तो. ती हॉस्पिटलमध्ये एकटी आहे, तिला याच्याशिवाय कोणी नाही."

आईने डोळे घट्ट मिटले. मग गॅस बंद केला. "माझ्या अंगावर आणायचा नाही," ती म्हणाली. "चिराग, पोळ्यांचा... नको, बुटांचं खोकं आण. त्यात तो माझा मऊ पंचा घाल. आणि झाकणाला भोकं पाड, गुदमरेल तो! चला गाडीत बसा. माझ्याकडे बघत काय बसलात?"

"आई, यू आर द बेस्ट!"

"ते नंतर. खोकं मागच्या सीटवर हवं!"

गाडीत आईने हीटर लावला आणि सारखी आरशात बघत राहिली. "हलतोय का? श्वास घेतोय ना?" तिनेच चार वेळा विचारलं.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी पोट तपासून मलम दिलं. "वरवरचं भाजलंय. खवले भरून येतील," त्या म्हणाल्या. "अजून दोन-तीन दिवस गेले असते, तर कठीण होतं. सरड्यांना पोटाखालची आच लवकर उमगत नाही. कोणाच्या लक्षात आलं हे?"

तीन बोटं तीन दिशांना, एकमेकांकडे वळली.

काका संध्याकाळी आले, तेव्हा सगळे स्वयंपाकघरात होते. टेबलावर ताटात ती मॅट पसरून वर वाळू घातली होती आणि मॅट तासभर चालू होती.

"काका, वाळूवर हात ठेवा," ईशा म्हणाली.

"छान ऊब आहे की!"

"आता बोटं आत घाला. तळापर्यंत."

"त्यात काय... आई गं!" काकांनी हात झटकला.

"तुम्ही हात काढलात," सलोनी म्हणाली. "त्याला पेटीतून निघता येत नव्हतं."

काका खुर्चीत मटकन बसले. "मी रोज ऑफिसात मशीनला थर्मोस्टॅट लावतो," ते हळूच म्हणाले. "आणि इथे..." मग त्यांना कोपऱ्यातलं खोकं दिसलं. "वहिनी! तुम्हाला कळलं?"

"कळलं. तुम्ही मला सांगायला हवं होतं, विश्वनाथ. मी किंचाळले असते, पण नाही म्हटलं नसतं."

काकांनी मुलांसमोर कान पकडले. त्याच संध्याकाळी ते बेव्हर्लीच्या घरून दिवा आणि थर्मोस्टॅट घेऊन आले. दुकानातून आणलेली छोटी मॅट पेटीबाहेर, तळाच्या एका टोकाला लावली. खाली हवा खेळावी म्हणून पेटीला छोटे पाय बसवले. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवर पक्का चिकटवला. वाळू काढून घड्या केलेला कागद घातला. दोन्ही टोकांना दोन थर्मामीटर! चिराग दर तासाला वाचायचा आणि काका मुकाट्याने वहीत आकडे लिहायचे. तिसऱ्या दिवशी बिस्किटने अख्खं केळं फस्त केलं. तेव्हा काकांनीच सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

दहा दिवसांनी बेव्हर्ली वॉकर धरून हळूहळू अंगणात आली. बिस्किटला मांडीवर घेऊन तिने त्याचं पोट पाहिलं आणि त्या नव्या खवल्यांवरून बोट फिरवलं.

"तुम्ही तिघांनी नुसतं त्याला खायला घातलं असतंत, तरी मी आभार मानले असते," ती म्हणाली. "पण तुम्ही त्याच्याकडे नीट पाहिलंत. ते फार थोडी माणसं करतात."

"सगळं श्रेय या पोरांचं!" काका म्हणाले. "मी यांच्याकडे शिकवणी लावलीय."

बेव्हर्लीने आईकडे पाहिलं. "सरला, धरणार याला? एकदाच?"

आईने साडीला पुसावा तसा जीन्सला हात पुसला, एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. बिस्किटने निळी जीभ काढून त्या बोटाला हलकेच चाटलं.

"अगंबाई!" आई म्हणाली. पण तिने बोट मागे घेतलं नाही.