लगाम कुणी सोडला?

"माझ्या बापाला मी मारलं, असं सगळं घर म्हणतंय," चिलेशे म्वापे म्हणाली. "तुम्ही एकदा येऊन बघा. मीच मारलं असेल, तर तसं माझ्या तोंडावर सांगा."

फॅक्सन चोम्बाच्या हातातला गुलगुला हातातच राहिला. पोलीस खात्यात असताना त्यानं रडणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या होत्या. ही रडत नव्हती. कमरेला सुतकाचं कापड, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. अशी ती किट्वे शहराच्या भर बाजारातून, टायरच्या दुकानावरल्या या खोलीत चालत आली होती.

एस्नार्त कलूबानं तिला बसायला स्टूल दिलं. एस्नार्त फॅक्सनची वहिनी. नवरा गेल्यावर तिनं विमा कंपन्यांसाठी चौकशीची कामं धरली, पुढे खासगी कामंही घेऊ लागली. फॅक्सन तिची गाडी चालवायचा आणि आपण तपासही करतो, असं समजायचा.

"पहिल्यापासून सांग," एस्नार्त म्हणाली.

चिलेशेचे वडील लॅमेक म्वापे जन्मभर तांब्याच्या खाणीत राबले. धूळ खाऊन फुप्फुसं दगड झाली होती. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं एक यंत्र घरी आणलं होतं. ते चालू असेतोवर म्हातारा चालू. भारनियमनात दिवसभर वीज नसायची, तेव्हा यंत्र इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालायचं.

"त्याच बॅटरीवर माझा संगणक," चिलेशे म्हणाली. "मी ध्वनिफिती ऐकून टंकून देते. घर त्यावर चालतं. पण मी प्रोसेसरला लगाम घातला होता."

"कसला लगाम?" फॅक्सननं विचारलं.

"संगणकातच सोय असते, भाऊ. प्रोसेसरनं जास्तीत जास्त किती जोर लावायचा, ते ठरवून देता येतं. मी तो पार खाली आणला होता. काम रेंगाळतं, पण तो वीज थोडकी खातो, तापत नाही. आतला पंखासुद्धा फिरत नाही. वीज यायची तोवर बॅटरी आरामात पुरायची. परवा मी बाबांचं औषध आणायला इस्पितळात गेले. परत आले तर बॅटरी रिकामी आणि बाबा..." तिनं कमरेचं कापड घट्ट केलं. "दादा म्हणतो, मी संगणक चालू ठेवून गेले, त्यानंच बाबांचा श्वास खाल्ला."

"आणि लगाम?"

"दुसऱ्या दिवशी पाहिला. जिथल्या तिथे! म्हणून तर माझं डोकं चालेना."

"त्या सोयीबद्दल घरात कुणाला माहीत?"

"डेव्हिसदादाला. बॅटरी एवढी पुरते कशी म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मीच दाखवलं होतं. आणि वेब्स्टरला. मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, लग्नाचे व्हिडिओ जोडायला माझाच संगणक वापरतो. आत्याला संगणक म्हणजे बिनकामाचा टीव्ही. संकेतशब्द म्हणजे बाबांचा खाणीतला नंबर, तो घरात कुणाला पाठ नाही?"

एस्नार्त उठली. "चला भाऊजी. गुलगुला गाडीत खा."

म्वापेंच्या फाटकावर मयताची सूचना डकवली होती. तिच्यावर म्हाताऱ्याचा फोटो. कपाळावर पांढराफटक डाग.

"फोटो तरी धड लावायचा," फॅक्सन पुटपुटला.

अंगणात ओंडक्याच्या धगीभोवती पुरुष बसले होते. आत चटयांवर बायका, त्यांच्या पलीकडच्या खोलीत चादरीखाली म्हाताऱ्याचा देह. दूरचा एक पुतण्या पावलांनी बैठकीची लांबी मोजत होता. एक बाई फ्रीज उघडून, बंद करून, दाराचं रबर चाचपत होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र धुऊन-पुसून ठेवलेलं होतं.

"हे एवढं चकचकीत कुणी केलं?" एस्नार्तनं विचारलं.

"डेव्हिसनं," पुतण्या म्हणाला. "फोनवर जाहिरात टाकलीय. गिऱ्हाईक यायचंय."

नळीच्या टोकात मात्र शेंबूड तसाच वाळला होता. 

भिंतीवर काचेच्या चौकटीत म्हाताऱ्याचा खाणीतल्या टोपीतला फोटो होता. तोच, जो फाटकावर होता. एस्नार्त त्याच्यापुढे थोडी थबकली, मग इन्व्हर्टरकडे वळली.

"यावर कुणी इस्त्री, किटली लावली तर?"

"लगेच किंचाळून बंद पडतो," चिलेशे म्हणाली. "जीव केवढासा त्याचा. आणि मग बॅटरी भरलेलीच राहते. माझी तर पार कोरडी होती."

"भाऊजी, संगणकाचा डबा उघडा बरं."

फॅक्सननं स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि शिवी हासडून मागे झाला. आत झुरळांचा संसार होता. तपकिरी अंड्यांच्या पुड्या, कातड्या, विष्ठेचे काळे ठिपके. पंख्याच्या पात्यांत तुटके पंख आणि पाय अडकले होते. एक अर्धं झुरळ पात्याला चिकटून सुकलं होतं. पण जिवंत एकही नव्हतं.

"शी! वहिनी, हे घर आहे की उकिरडा?"

"उबेचं ठिकाण आहे," एस्नार्त म्हणाली, आणि वाकून पंखा बराच वेळ न्याहाळत राहिली.

माइलेसी आत्या म्हाताऱ्याची धाकटी बहीण. तीही सत्तरीची, कानानं मंद. एस्नार्त तिच्याजवळ चटईवर बसली आणि मोठ्यानं बोलू लागली.

"आत्या, त्या दिवशी घरात कोण कोण आलं?"

"सकाळी डेव्हिस आला. बापाच्या पाया पडला, गेला. मग ही गेली औषधाला. मी त्या टेबलाखाली पाय पसरून शेंगा सोलत बसले. तिथं गार लागतं ना. दुपारी मागच्या अंगणात शेगडीवर मक्याच्या पिठाचा न्शिमा घाटला. ताट घेऊन आत आले, तर माय गं! झुरळं! त्या डब्याच्या भोकाभोकांतून नुसती ओतत होती. भिंतीवर, चटईवर. एक माझ्या ताटात पडलं, न्शिमात रुतलं, पाय हलवत होतं." आत्यानं तोंड वाकडं केलं. "मी ताट कोंबड्यांना टाकलं. म्हटलं, मरण येतंय, किड्यांना आधी कळतं."

"सकाळी नव्हती?"

"असती तर तिथं शेंगा सोलल्या असत्या होय? एवढी का मी घाण आहे?"

"तुम्ही मागे होतात, तेव्हा पुढच्या दारानं कुणी आलं असेल?"

"ढोल बडवत आलं असतं तरी मला कळलं नसतं, बाई." आत्याचा आवाज चिरकला. "मग मी बाहेरच बसले. किळस आली होती. भाऊ झोपलेला. मला डुलकी लागली... आत आले तर यंत्र थंड आणि तोही."

एस्नार्तनं तिचा हात धरला. "रात्री वीज आल्यावर संगणकाला कुणी हात लावला?"

"डेव्हिसनंच. बिचारा डोळे पुसत पुसत बसला होता. सूचनेसाठी बापाचा फोटो शोधतो म्हणाला."

वेब्स्टर मागच्या खोलीत वायरींच्या गुंत्यात बसला होता. किडकिडीत, बोलका.

"मी त्या दिवशी पार न्डोला शहरात होतो, ताई. लग्न होतं. नवरीच्या मागे पहाटेपासून कॅमेरा घेऊन. अख्ख्या वऱ्हाडाला विचारा. मामानं तर मला दोनदा शिव्या दिल्या."

"तुझा काही व्हिडिओ चिलेशेच्या संगणकावर होता?"

"होता ना. आदल्या दिवशी जोडायला लावला, पण लगाम घातल्यावर तो गोगलगाय होतो. कंटाळून मध्येच थांबवला, जेमतेम सुरुवात झाली होती. काल पाहिलं, तर जवळपास पुरा!" तो चिलेशेकडे वळला. "तुझे आभार मानायचेच राहिले. तूच पुढे चालवलास ना?"

"मी?" चिलेशे म्हणाली. "मी तुझ्या व्हिडिओला हात लावलेला नाही."

वेब्स्टरचं हसू मावळलं.

"यानंच घाई केली असणार, वहिनी," बाहेर आल्यावर फॅक्सन कुजबुजला. "गिऱ्हाइकाचा तगादा."

"न्डोलाहून हात लांब करून?"



डेव्हिस म्वापे अंगणात आलेल्या-गेलेल्यांचे हात हातात घेत होता. नवा काळा कोट, डोळे लाल. एस्नार्तला पाहून त्यानं उसासा सोडला.

"बहिणीनं तुम्हाला आणलं ना? ताई, मला तिला शिक्षा नकोय. चूक झाली तिच्याकडून. फक्त कबूल करावं, आणि घराचा कारभार जाणत्या माणसाच्या हाती द्यावा."

"चूक संगणकाचीच, असं तुम्हाला का वाटतं?"

"वाटतं कशाला? कानांनी ऐकलं. सकाळी बाबांना भेटायला आलो, तेव्हाच त्याचा पंखा घों-घों करत होता. गिरणी चालावी तसा. बाबांचा श्वास ऐकू येईना."

"मग बंद का नाही केलात?"

"त्यातलं मला काय कळतं? म्हटलं, तिचं काम असेल."

"नंतर दिवसभरात परत आलात?"

"नाही हो. दुकानातच होतो. घरून फोन आला तेव्हा धावलो."

एस्नार्तनं मान डोलावली. "सगळ्यांना जरा आत बोलवा. मला जे समजलं, ते एकदाच सांगते."

बैठकीत दाटीवाटीनं माणसं बसली. दाराशी फॅक्सन उभा राहिला. एस्नार्तनं त्याला तिथंच थांबायला सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

"बॅटरी कोरडी झाली," ती म्हणाली. "किटली-इस्त्रीनं नाही, इन्व्हर्टर तेवढा सोसत नाही. काहीतरी तासन् तास सावकाश पीत होतं. संगणकच. म्हणजे लगाम सुटलेला होता. कुणी सोडला आणि कधी, एवढाच प्रश्न."

"चिलेशेनं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"चिलेशेचा शब्द मी धरतच नाही. मी झुरळांचा धरते."

कुणी हसलं नाही.

"झुरळाला ऊब आवडते, भट्टी नाही. लगाम घातलेला संगणक कोमट असतो, पंखा थांबलेला असतो. म्हणून त्यांनी आत पिल्लावळ वाढवली. प्रोसेसर मोकळा सुटला की डबा तापतो, पंखा गरगरतो. काही तिथंच चिरडली, बाकीची जीव घेऊन पळाली. पात्यांत त्यांचे तुकडे आहेत, हवं तर बघा. आता ती पळाली कधी? आत्या सकाळभर टेबलाखाली पाय पसरून बसल्या, एक झुरळ नाही. मागे जाऊन न्शिमा करून आल्या, तर लोंढा. म्हणजे त्या मागे होत्या, त्या वेळात कुणीतरी पुढून आलं, लगाम सोडला आणि वेब्स्टरचा व्हिडिओ चालू करून दिला. लगामी संगणकाला तो एवढा पुढे नेता आलाच नसता. चिलेशे तेव्हा इस्पितळात. वेब्स्टर न्डोलात, अख्ख्या वऱ्हाडासमोर."

ती डेव्हिसकडे वळली.

"पंखा सकाळी वाजत नव्हता. दुपारी वाजत होता, आणि आत्यांना ऐकू येत नाही. तुम्ही तो आवाज ऐकलात. कधी?"

डेव्हिसनं ओठ चाटले. "सकाळ-दुपार... गोंधळ झाला असेल माझा. दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकला असेल."

"असेल. मग रात्री संगणकावर काय शोधत होतात?"

"फोटो. बाबांचा."

"सूचनेवरचा फोटो या भिंतीवरचा आहे. फोननं काढलाय. काचेवर उजेड चमकला, तोच कपाळावरचा पांढरा डाग. संगणकातून फोटो काढलाच नाही तुम्ही. लगाम परत घालायला बसला होतात. डोळे पुसत पुसत."

डेव्हिस हसला. आयुष्यभर फॅक्सनला ते हसू विसरता येणार नव्हतं.

"बरं, मग? मी त्याच्या तोंडावर उशी दाबली? यंत्राची पिन काढली? एक आकडा बदलला संगणकात. कुठल्या कायद्यात बसतं ते? आणि माणूस होता का तो? श्वास घेणारं मीटर होतं! त्यानं मरायचं नाही आणि घर विकायचं नाही. मी म्हातारा होईपर्यंत?"

"पिन काढली असती, तर तुम्हालाच विचारलं असतं," एस्नार्त म्हणाली. "बॅटरी संपली, की दोष भारनियमनाला, नाही तर बहिणीला. ती बापाचं औषध आणत होती तेव्हा तुम्ही तिच्या गळ्यात फास तयार करत होतात."

डेव्हिस दाराकडे सरकला. फॅक्सननं त्याचा दंड धरला. कोटाखाली दंड मऊ आणि घामेजलेला लागला. सोडून द्यावा, हात धुवावा, असं फॅक्सनला वाटलं, पण त्यानं पकड आणखी घट्ट केली. कायद्यात काय बसतं ते ठाण्यावरचे बघतील. त्याच्या जुन्या ठाण्यावर एस्नार्तनं आधीच फोन केला होता.

पोलिसांची गाडी आली, तिच्या मागोमाग एक छोटा ट्रक फाटकाशी थांबला. त्यावर पितळी कड्यांची शवपेटी होती, आत पांढरं साटीन. हमाल विचारू लागले, कुठे उतरवू.

"बघा!" गाडीत चढता चढता डेव्हिस ओरडला. "ती मी आणलीय! अख्ख्या वसाहतीत कुणाला मिळाली नाही अशी! मुलगा होतो म्हणून आणली!"

माइलेसी आत्या चटईवरून उठली. कुणी आधार द्यायला गेलं, तिनं हात झटकला. अंगणातून ट्रकपर्यंत गेली आणि साटीनवर थुंकली.

"परत न्या," ती हमालांना म्हणाली. "दुसऱ्या कुणालाही विकू नका. जाळा."

"आजी, मग म्हाताऱ्यांना पुरायचं कशात?"

आत्या परत आत आली, स्वतः बसली होती ती चटई झटकली आणि चिलेशेपुढे पसरली.

"चल, पोरी," ती म्हणाली. "बापाला गुंडाळायला तू एका बाजूनं धर."