पितळेची तोटी

गगनबावड्याच्या स्टँडवर एस.टी. थांबली तेव्हा पावसानं समोरचा डोंगर पुसून टाकला होता. अक्षता बहिणीचं तान्हं बाळ बघून कोल्हापूरला परत निघाली होती. गाडीत एकच जागा रिकामी होती, खिडकीजवळची. तिथं पोहोचायचं तर एका तरुणाचे गुडघे आणि त्याच्या पायाशी ठेवलेले दोन पांढरे कॅन ओलांडावे लागणार होते.

"जरा सरकता का?"

"मी सरकतो. कॅन सरकायचं न्हाईत," तो म्हणाला.

ती कशीबशी आत शिरली आणि साळवण येईपर्यंत त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मग तिच्या पावलाला गार लागलं. बघते तर सलवारीची कड भिजून चिंब.

"अहो पावणं, तुमचा कॅन गळाय लागलाय."

तो दचकून वाकला आणि खिशातला रुमाल झाकणाभोवती आवळून धरला. "माफ करा... ते साधं पाणी न्हाय."

"मग काय, गंगाजल हाय?"

"समुद्राचं हाय. मालवणास्नं आणलंय."

"कोल्हापुरात पाणी कमी पडलं काय? पंचगंगा काठोकाठ वाहत्या की."

"तिचं पाणी माझ्या माशांना चालत न्हाय."

अक्षताला हसू आलं, पण तिनं ते खिडकीकडं तोंड करून लपवलं. तो बोलत राहिला. नाव सम्राट, नोकरी टेलिफोन ऑफिसात, घर कसबा बावड्यात. घरात काचेची मोठी पेटी, तिच्यात खारं पाणी. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक कोळंबी, आणि एक असा जीव जो दिसायला फूल पण आहे प्राणी. मासे त्या फुलाच्या कुशीतच झोपतात. सगळं झकास होतं, फक्त पाणी फिरत नव्हतं.

"मोटार लहान पडत्या. दगडामागं पाणी जागचं हलत न्हाय. तिथं घाण बसत्या, लाल थर धरतोय. फूल पण मान टाकाय लागलंय."

आता मात्र अक्षता वळली. शिरोली एमआयडीसीत तिच्या वडिलांचं, केरबांचं, धातू कातायच्या लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मोठ्या पंपांचे पितळी बुश आणि तोट्या तिथं बनत. बारावीनंतर ती बिलं करायला म्हणून जाऊन बसली आणि हळूहळू लेथवरच उभी राहू लागली, हे तिनं त्याला सांगितलं.

"म्हणजे तुम्ही स्वतः लेथ चालवता?"

"मग काय, नुसती बघत बसू?"

तो हसला. त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता आणि तो पडेल, पडेल म्हणून ती बघत राहिली... कळे कधी गेलं ते तिला कळलं नाही.

रंकाळा स्टँडला उतरताना तो म्हणाला, "एकदा या की. पाणी बघायला."

"पाणी बघायला?"

"पाणी... बघायला," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

रविवारी ती गेली. सम्राटच्या आईनं, शालूबाईंनी, दार उघडलं. "तू लेथवाली व्हय? ये. ह्या पेटीनं माझं घर खारट केलंय, तू तरी काय इलाज बघ."

पेटी मात्र बघत राहावी अशी होती. आणि पेटीत कोपरापर्यंत हात घालून एक मुलगी उभी होती. मनाली. सम्राटची कॉलेजची मैत्रीण, आता विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी. तिचं मनगटी घड्याळ भिजू नये म्हणून सम्राट ते हातात धरून उभा होता.

"अरे सम्राट, इकडे बघ ना. बोटाला कशी चिकटतायत ती मऊ टोकं."

तो वाकून बघू लागला. दोघांची डोकी काचेवर अगदी जवळ आली. अक्षताला ते फूल दिसलंच नाही. तिला दिसलं ते घड्याळ. सम्राटनं ते नुसतं धरलं नव्हतं, अंगठ्यानं त्याची काच पुसत होता.

मनालीनं पुण्याहून एक छोटी मोटार आणली होती. ती तिनं दगडावर बसवली आणि अक्षताला विचारलं, "कसं वाटतं? तुला यातलं कळतं म्हणे."

"ह्यानं कपातला चहा पण ढवळायचा न्हाय."

मनाली खळखळून हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. चांगल्या माणसाचा राग राग करायला फार कष्ट पडतात.

तरी अक्षता जात राहिली. दुपारी लोडशेडिंग झालं की मोटार बंद पडायची आणि माशांचा जीव घाबरायचा. सम्राट ऑफिसात असला की शालूबाई स्टुलावर बसून प्लॅस्टिकच्या मगानं पेटीतलं पाणी उचलायच्या आणि उंचावरून पुन्हा पेटीतच सोडायच्या. एका दुपारी तो मग अक्षतानं आपल्या हातात घेतला.

"तू आलीस की ह्यो मोटारीचं बोलतोय," शालूबाई म्हणाल्या, "ती आली की माशाचं. मी सकाळपासनं घरात हाय, माझ्याशी कोण बोलत न्हाय."

"ती रोज येत्या काय?"

"येत्या की. मागच्या खेपेला समुद्राचं पाणी पण तिनंच आणलं."

मगातलं पाणी जरा जोरातच पडलं. मासे दोन्हीकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी अक्षतानं लेथवर पितळेचा चांगला तुकडा चढवला. तोटीचं तोंड जितकं अरुंद, तितकी धार लांब जाणार, हे तिला पाठ होतं. तिनं आतून निमुळती होत गेलेली तोटी काढली, तोंडाला थोडा तिरकेपणा दिला, आणि आरसा होईपर्यंत घासली.

केरबा जवळ येऊन उभे राहिले. "कुणाची ऑर्डर?"

"हाय एकाची."

"एका तोटीची ऑर्डर, आणि इतकं पॉलिश?"

तिनं तोटी आणखी एकदा घासली. केरबा चष्मा पुसत निघून गेले.

मनाली तेव्हा अभ्यासाच्या सहलीला रत्नागिरीकडं गेली होती. अक्षतानं मुद्दाम तोच मोका साधला. तोटी मोटारीच्या तोंडाला बसवली, मोटार सुरू केली, आणि पाण्याची धार सरळ दगडामागं घुसली. तिथली साचलेली घाण उठली, गोल फिरली, गाळणीच्या जाळीकडं निघाली. मान टाकलेलं फूल वाऱ्यावरच्या जोंधळ्यासारखं डोलायला लागलं.

"बघा," ती म्हणाली.

पण सम्राट पाण्याकडं बघतच नव्हता. तोटी सरळ करायला त्यानं हात घातला, तिचा हात आधीच आत होता.

"हात... गार हाय तुमचा."

"पाणी गार हाय."

"व्हय. पाणीच," तो म्हणाला, पण हात काही लगेच काढला नाही.

आठवडा सुखाचा गेला. मग एका संध्याकाळी अक्षता आली तेव्हा कोळंबी वाळूवर उलटी पडली होती आणि फूल मूठ आवळावी तसं मिटलं होतं. सम्राट पेटीसमोर खाली बसला होता.

"सगळं बरोबर चाललंवतं. काय झालं कळंना."

अक्षतालाही कळत नव्हतं. पण तोंडातून शब्द गेले. "मागच्या खेपेचं पाणी कुणी आणलंवतं?"

"मनालीनं."

"मग बघा की. कुठनं भरलं, कशात भरलं... कुणाला म्हाईत."

दोन दिवसांनी मनाली सहलीहून परत आली, तेव्हा सम्राटनं तिला दारातच सांगितलं की आता पाणी आणू नकोस, आणि काही दिवस पेटीत हात घालू नकोस. हे त्यानं अक्षताला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. अक्षता मात्र दुसऱ्या दिवशी लेथवर गुणगुणत होती.

फूल उमललं नाही. रविवारी अक्षता आली तेव्हा सम्राट दळण आणायला गिरणीत गेला होता आणि शालूबाई मागं कपडे वाळत घालत होत्या. दार उघडंच होतं. मनाली आली.

"सहलीला नेलेली त्याची वही परत करायला आलेय," ती म्हणाली. "हात घालत नाही, नुसती बघते."

ती काचेजवळ वाकली आणि तशीच राहिली. मग तोटीकडं बोट केलं. चकाकी गेली होती, कडेला हिरवट झाक धरली होती.

"हे पितळ आहे?"

"मग काय, सोन्याचं असणार?"

"अक्षता, पितळेत तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते सुटतं. मासे थोडं सोसतात. कोळंबीला आणि ह्या फुलाला ते विषच."

लहानपणापासून अक्षतानं एकच ऐकलं होतं, की जिथं पाणी तिथं पितळ. लोखंड गंजतं, पितळ टिकतं. शिरोलीतल्या कुठल्याही वर्कशॉपला विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. पण ते सगळं गोड्या पाण्याचं शहाणपण होतं.

तिनं बाह्या वर केल्या, मोटार बंद केली आणि तोटी उपसून काढली.

"मी त्याला सांगणार नाही," मनाली म्हणाली. "तू सांग, किंवा नको सांगू."

"तुम्ही रागावला न्हाई?"

"रागावलेय की. चांगलीच. माझ्या पाण्यावर संशय तूच घेतलास ना?" मनालीनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. "आणि तुला वाटत होतं ते अगदीच खोटं नव्हतं. मला आवडायचा तो. पण माझ्याशी बोलताना तो कधी अडखळत नाही गं. तुझ्याशी बोलताना एक वाक्य धड पुरं करत नाही."

ती गेली. अक्षता ओल्या हातात तोटी धरून उभी राहिली. खिशात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. उद्या प्लॅस्टिकची बसवली असती, पाणी बदललं असतं, आणि दोष मनालीच्या नावावर कायमचा राहिला असता. मनालीही परत आली नसती. किती सोपं होतं.

सम्राट पिठाचा डबा घेऊन आला. शालूबाईंनी डबा आत नेला आणि चुलीवर तवा ठेवला.

"कोळंबी माझ्यामुळं मेली," अक्षतानं मूठ उघडली. "पितळ उतरलं पाण्यात. मनालीनं वळखलं."

त्यानं तोटी घेतली, उलटसुलट केली. "तुम्हाला कुठं म्हाईत हुतं. चूक झाली."

"तोटीची चूक झाली. मनालीचं नाव घेतलं ती चूक न्हवती. मी मुद्दाम घेतलं. ती आली की तुम्ही हसता. ते मला... बघवत न्हाय."

सम्राटचा चेहरा कठीण झाला. "माझी मैत्रीण हाय ती. तुमच्या शब्दावर मी तिला दारातनं परत पाठवलं."

"व्हय."

"तिला फोन लावणार मी. आत्ता. तुमच्यासमोर."

"तिला घरी पोचू द्या. मग लावा, आणि आधी माझ्याकडं द्या."

थोड्या वेळानं त्यानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"मनाली, अक्षता बोलते... सांगितलं त्याला. सगळं. तुमच्या पाण्यात काय वाईट न्हवतं, मीच खोटं बोलले. आता पेटीचं पाणी बदलायचंय, आम्हाला नीट जमायचं न्हाय. याल काय?" तिनं ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चपला पण काढल्या न्हवत्या, निघते."

सम्राट पेटीजवळ गेला. मिटलेल्या फुलाकडं बघत त्यानं विचारलं, "आणि हे मेलं तर?"

"तर मला बोला. जन्मभर बोला."

"जन्मभर बोलायचं तर..." तो थांबला. कान लाल होत गेले. "बोलायचं तर माणूस समोर पायजे. म्हणजे... रोज. म्हणजे तुम्ही... असणार काय समोर?"

अक्षता मोटारीची वायर उगाच सरळ करायला लागली.

"व्हय म्हण की गं," आतनं शालूबाईंचा आवाज आला. "तुमचं ऐकत बसलो आणि भाकरी करपली माझी."

"व्हय," अक्षता म्हणाली. मग जरा श्वास घेऊन, "पण मनाली आली की तुम्ही पेटीच्या त्या बाजूला उभं ऱ्हायचं. मधे मी."

तो हसला, आणि खरोखरच पेटीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. काचेतून, पाण्यातून, त्याचा चेहरा जरा हलत होता.

बाहेर मनालीची लुना थांबल्याचा आवाज आला. अक्षतानं ओढणीला हात पुसले आणि तिला आत घ्यायला स्वतः दाराकडं गेली.